आईच्या भवानीचं इंग्रजी

बोईसरच्या एका इंग्रजी कवीनं माझ्या आईला फसवलं. एका शब्दात फसवलं, आणि तो शब्दही तिचाच होता. बाकी जे काही सांगायचं आहे ते या दोन वाक्यांच्या खालचं आहे. ज्याला घाई असेल त्यानं इथंच थांबावं, पण कवीची बाजू घेऊन माझ्याकडे येऊ नये.

इंग्रजी येत नाही म्हणून मी चिडलो असं त्याचे मित्र म्हणतात, म्हणून आधी तेवढं सांगतो. मी मुरब्याचा, किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावचा. नववीत शाळा सुटली आणि बोईसरला मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला बसलो. आज माझा स्वतःचा गाळा आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतून मोटरी, पंप, गिअरबॉक्स उचलायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. इंग्रजी शिकलो ते मोटरींच्या पाट्यांवरून. प्रत्येक मोटरीच्या अंगावर एक पत्र्याची पाटी असते. ताकद किती, फेरे किती, कुणी बनवली, सगळं तिच्यावर कोरलेलं असतं. आमच्या धंद्यात खोटं बोलणं चालतं, जोरात बोलणं चालतं, रागानं उठून जाणं आणि दारातून परत येणं तर रोजचंच. पण पाटी बदलणं चालत नाही. तीनच्या ताकदीच्या मोटरीवर पाचची पाटी ठोकणाऱ्याला बोईसरमध्ये कुणी चहा पाजत नाही. आईचीही पाटी आहे, मासळीची, डोक्यावरची. ती पाटी वेगळी. पण वरचं एक आणि खालचं एक असला माल तिनंही कधी विकला नाही.

कवी आमच्याच वयाचा, म्हणजे पन्नाशीच्या अलीकडे पलीकडे. त्याचे वडील घाटावरून तारापूरला वीज केंद्रात नोकरीला आले. कवी वसाहतीत वाढला. तिथं झाडं रांगेत, घरं रांगेत, शाळा इंग्रजी, आणि भाजीपासून मासळीपर्यंत सगळं ठरलेल्या भावात. घासाघीस करायची वेळच आली नाही. पुढं शिकला, मोठ्या शहरात राहिला, परत आला आणि बोईसरला स्टेशनच्या पश्चिमेला फ्लॅट घेतला. तीन-चार बारीक पुस्तकं त्याच्या नावावर आहेत, सगळी इंग्रजी कवितांची. त्याच्या इमारतीत हे कुणाला माहीत नव्हतं. वॉचमनला वाटायचं सर शिकवण्या घेतात. बाहेरगावच्या साहित्य संमेलनांत मात्र तो स्वतःची ओळख करून देताना म्हणायचा की मी कोळीवाड्यांच्या किनाऱ्यावरून आलोय आणि माझ्या इंग्रजीला खाऱ्या वाऱ्याचा वास आहे. हे मी त्याच्याच मोबाइलवर ऐकलं. या माणसाला काटा असलेला मासा खाता येत नाही.

माझ्याकडे तो आला ते पाण्याच्या पंपासाठी. इमारतीचा पंप जळला होता आणि तो तेव्हा सोसायटीचा सचिव होता. मी भाव सांगितला. नेहमीप्रमाणे वाढवून सांगितला, कारण समोरचा कमी करणार हे धरलेलं असतं. तो लगेच हो म्हणाला. एवढ्या पटकन हो म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. एक तर त्याला वस्तूची किंमत कळत नाही, नाहीतर त्याला दुसरंच काही हवं असतं. याच्या बाबतीत दोन्ही खरं निघालं. बोलता बोलता मी मुरब्याचा आणि माझी आई अजून बोईसरच्या बाजारात मासळी विकते हे त्याला कळलं. पंप तसाच राहिला. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाला, "शेठ, मला मावशींना भेटायचंय."

मी नेलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आमच्या घरावर कुणी पुस्तकात लिहील ही कल्पना वाइंडिंगच्या दुकानात बसून सुचलेली नव्हती.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही बाजारात पोचलो. आईची जागा तेव्हा दर्शनी होती, रस्त्यावरून आत वळलं की पहिलीच. ही जागा तिनं तीस वर्षं भांडून राखली. पाटीत बोंबील, मांदेली, बाजूला थोडी कोलंबी. कवी वही काढून तिच्यासमोर उभा राहिला. बोंबलांकडे बघे, लिही. तिच्या हातांकडे बघे, लिही. एक बाई मासळी बघायला वाकली तर तिला आधी याच्या कोपराला वळसा घालावा लागला. ती पुढच्या पाटीकडे गेली. मग दुसरी गेली. आई इतका वेळ गप्प होती हेच पुष्कळ. शेवटी म्हणाली, "ओ सर, भवानी नाय झाली अजून. जरा बाजूला व्हा."

कवीनं बाजूला होऊन ते वाक्य लिहून घेतलं.

आता भवानी म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही, पण या प्रकरणानंतर मी काहीच गृहीत धरत नाही. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. आई पहिली नोट हातात आली की कपाळाला लावते, कोयत्याला लावते, पाटीला लावते, मग कनवटीला. पहिल्या गिऱ्हाइकाला ती थोडं जास्तच घालते. आणि पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून हात हलवत गेलं, तर तिच्या मते तो दिवस नासला. हे बरोबर की चूक यावर मी तिच्याशी वाद घालत नाही. माझ्या गाळ्यातही सकाळचा पहिला माणूस मी सहसा रिकामा जाऊ देत नाही, मग एखादं बेअरिंग का घेईना.

मी हा शब्द कवीला तिथल्या तिथं समजावला नाही. मला वाटलं, मराठी घरातला माणूस आहे.

वर्षभरानं पुस्तक आलं. कवी स्वतः गाळ्यावर घेऊन आला, सही करून. मुखपृष्ठावर आईचे हात होते. गोंदण, बोटावरचा कोयत्याचा जुना वण आणि मनगटात हिरव्या बांगड्या. मुख्य कविता तिच्यावरच आणि पुस्तकाचं नावही तिचंच वाक्य. इंग्रजीतून मराठीत आणलं तर ते असं होतं, 'देवी अजून आलेली नाही.'

पुस्तक मी यंत्राचं माहितीपत्रक वाचतो तसं वाचलं, शब्दाला शब्द लावून. कवितेत एक कोळीण आहे. तिचा नवरा समुद्रानं नेलाय. ती रोज पहाटे बाजारात येते, भरल्या पाटीपुढं बसते आणि देवीची वाट बघते. गिऱ्हाईक येतं, ती सांगते, बाजूला हो, भवानी अजून आली नाही. गिऱ्हाईक जातं. ती बसून राहते. तिला विकायचं नाहीच, तिला दर्शन हवंय. शेवटी मासे डोळे उघडे ठेवून तिच्याबरोबर वाट बघतात.

तीस वर्षं बाजारात बसलेल्या बाईला विकायचं नाही! आणि बाहेर हिरव्या बांगड्या, आत विधवा. स्वतःच्या पुस्तकाचं पहिलं पानसुद्धा या माणसानं तपासलं नव्हतं.

माल चांगला असेल तर चांगला म्हणायला मी लाजत नाही. त्याच पुस्तकात एक छोटी कविता त्याच्या वडिलांवर आहे. निवृत्तीनंतरही ते सदऱ्याच्या खिशात जुना गेटपास ठेवायचे आणि दूध आणायला निघाले तरी फाटकाशी आल्यावर हात खिशाकडे जायचा. एवढीच कविता. ती मी लगेच पुन्हा वाचली. अशी माणसं मी बोईसरमध्ये पाहिली आहेत. त्या कवितेच्या पाटीवर जे लिहिलं होतं तेच आत होतं. म्हणजे याला खरं लिहिता येतं. आईच्या वेळी त्यानं कष्ट घेतले नाहीत.

तरी मी गप्प बसलो असतो. इंग्रजी पुस्तक, कोण वाचतंय, असं मनाला समजावलं होतं. पण त्या पुस्तकाला कुठलंसं बक्षीस मिळालं आणि वाचणारी माणसं गाडी पकडून बोईसरला यायला लागली. कवी त्यांना फिरवायचा. कारखान्यांचा रस्ता, खाडी, मग बाजार. त्याला तो साहित्य-फेरी म्हणायचा. गळ्यात झोळ्या, डोळ्यांत दया, अशी पाच-सात माणसं सकाळी आठला आईसमोर अर्धगोल करून उभी राहायची. फोटो काढायची. एक बाई आईचा हात धरून रडली. एकानं मोडक्या मराठीत विचारलं, देवी कशी दिसते. आईला वाटलं तो देवळाचा रस्ता विचारतोय, तिनं दाखवला.

आणि यातलं कुणीही काही विकत घेत नव्हतं. त्यांच्या परतीच्या प्रवासाला मासळी झेपणार नव्हती. नेहमीचं गिऱ्हाईक अर्धगोलाच्या पाठीमागून बघायचं आणि दुसऱ्या पाटीकडे वळायचं. ज्या दिवशी फेरी, त्या दिवशी भवानी नाही. पुढं पुढं फेरी नसली तरी एखादा एकटा वाचक यायचा, सकाळी सकाळी, समोर उभा राहायचा, हात जोडायचा आणि रिकामा जायचा. कवितेत जे खोटं लिहिलं होतं ते बाजारात खरं होऊ लागलं. बाई बसलीय, गिऱ्हाईक जातंय, भवानी होत नाहीय.

शेजारच्या पाट्यांवरच्या बायका आधी हसल्या, मग टोचायला लागल्या. मुखपृष्ठावरचं गोंदण सगळ्यांनी ओळखलं होतं. एक जण रोज विचारायची, "आली का गं तुजी देवी? का गाडी चुकली?" आई उलट काहीतरी ठेवून द्यायची, तोंडानं ती कुणाला हार जात नाही. पण घरी आल्यावर ती पाटी धुताना आपटायची, हे मला बाबांनी सांगितलं.

हो, बाबा. म्हणजे समुद्रानं नेलेले ते. गुडघ्यांमुळे सहा वर्षं होडीवर गेले नाहीत, ओट्यावर बसून जाळी सांधतात. त्यांना ही गोष्ट आम्ही सांगितली नव्हती. मच्छीमाराच्या घरात बुडण्याचं असं सहज कुणी बोलत नाही. त्यांना ती कळली पालघरला, सभागृहात, सगळ्यांसमोर.

कवितांचं मराठी भाषांतर झालं होतं आणि त्याचा समारंभ होता. आईला मंचावर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. मी बाबांना घेऊन दुसऱ्या रांगेत बसलो होतो. एका बाईंनी कविता वाचायला घेतली. आवाज गोड होता, मध्ये मध्ये थांबायच्या. नवऱ्याला लाटांनी नेलं ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. बाबांनी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, कुणाचा नवरा? त्यांनी मंचावरच्या आईकडे बोट केलं आणि कुजबुजले, त्या मावशींचा, फार सोसलंय हो त्यांनी.

बाबांनी आईकडे बघितलं. मग होडीवरून होडीवर बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणाले, "मी हाय की."

वाचणाऱ्या बाई थांबल्या. मंचावरून आई त्याच आवाजात म्हणाली, "माईत हाय मला. गप बसा."

लोक हसले. कवीही हसला आणि माइक घेऊन म्हणाला, पाहा, हेच ते किनाऱ्याचं जिवंतपण. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या फ्लॅटवर गेलो. त्यानं ग्रीन टी दिला. मी तीन गोष्टी मागितल्या. बाबांना जिवंत करायचं. साहित्य-फेरी बंद करायची. आणि भवानीचा अर्थ दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "शेठ, कवितेतली बाई तुमची आई नाहीच. ती एक प्रतिमा आहे."

मी विचारलं, मग शाल प्रतिमेला का नाही दिली?

तो कवितेच्या सत्याबद्दल बराच वेळ बोलला. ते वेगळं असतं म्हणे. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. समोरच्याला दमू द्यावं हे मी मोटरी विकून शिकलोय. मग म्हणालो, "स्वतःच्या बापाचा गेटपास कुठल्या खिशात होता ते बरोबर लिहिता, आणि माझ्या बापाला बुडवता?"

त्यानं कप खाली ठेवला. माझं बोलणं त्याला लागलं होतं. बाबांना तो नव्या आवृत्तीत परत आणायला तयार झाला. फेरी अकरानंतर आणेन म्हणाला. अकरापर्यंत आईची पाटी अर्धी झालेली असते, मी मान्य केलं. शब्दावर मात्र तो अडला. तो शब्द काढला तर कविताच उरत नाही, म्हणाला. मी म्हणालो, मग नका उरवू.

तेव्हा त्यानं मोबाइल काढला, कसलीशी तारीख शोधली आणि म्हणाला, "मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, शेठ. भवानी म्हणजे देवीच ना? तुम्ही हो म्हणालात."

आणि मला आठवलं. एका बंद कारखान्यात गिअरबॉक्सच्या खाली डोकं घालून मी आडवा पडलो होतो. मालक वरून भाव वाढवत होता आणि कानाला याचा फोन. हो हो, देवीच, नंतर बोलतो, असं मी म्हणालो होतो. त्यानं नंतर फोन केला नाही. मीही केला नाही. हा माझा वाटा आहे आणि तो मी इथं कबूल करतो. पण सोसायटीच्या पार्किंगबद्दल हाच माणूस तासभर अस्खलित मराठीत भांडतो. तेव्हा त्याला कुठल्याही शब्दाचा अर्थ फोनवर विचारावा लागत नाही.

शेवटी आमचं मधल्या जागी जमलं. कविता तशीच राहील, पण पुस्तकाच्या शेवटी टीप येईल आणि तिच्यात भवानीचा खरा अर्थ असेल. हस्तांदोलन झालं. तो पुन्हा फार पटकन हो म्हणाला, आणि मी पुन्हा ते चालवून घेतलं.

घरी येऊन आईला सांगितलं की टीप येणार. तिनं विचारलं, टीप म्हणजे काय? मी म्हणालो, खाली बारीक अक्षरात खरं काय ते लिहितात.

"मंग वर काय लिवतात?" ती म्हणाली.

नवी आवृत्ती आली. बाबा आता बुडालेले नाहीत. ते 'अजून समुद्रावरून परतलेले नाहीत.' ओट्यावर बसलेल्या माणसानं परतायचं कुठून, हे कवितेत दिलेलं नाही. आणि शेवटच्या पानावर टीप आहे. तिचं मराठी मी दोन जणांकडून तपासून घेतलं. 'भवानी: मच्छीमार समाजाची देवी. सकाळची विक्री सुरू करण्याआधी स्त्रिया तिच्या आगमनाची वाट पाहतात. ही माहिती या स्त्रीच्या मुलाने कवीस दिली.'

म्हणजे आता ते खोटं माझ्या नावावर आहे. नाव नाही दिलं, पण तिला मुलगा एकच आहे. खालची टीपसुद्धा वरच्यासारखीच निघाली, शिवाय बनवणाऱ्याच्या जागी माझं नाव ठोकलं. बोईसरमध्ये इतकी वर्षं जुना माल विकतोय, अशी पाटी कुणी बदललेली मी पाहिली नाही.

मी फोन केला तर तो म्हणाला, उलट तुम्हाला श्रेय दिलंय, शेठ.

फेऱ्या आता अकराला येतात, तेवढं त्यानं पाळलं. एकटेदुकटे वाचक कधीही येतात, ते कुणाच्या हातात नाही. म्हणून आईनं दर्शनी जागा सोडली. तीस वर्षं भांडून राखलेली जागा, एक शब्द न बोलता सोडली. आता ती आतल्या रांगेत बसते, गटाराच्या बाजूला, जिथं शोधून आल्याशिवाय कुणी पोचत नाही. वाचक पोचत नाहीत आणि गिऱ्हाईकही पोचत नाही. कधी साडेनऊला भवानी होते, कधी दहाला. परवा मी तिला सोडायला गेलो होतो. पाटी उतरवून, कोयता पुसून ती बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या सरला इचार, माजी भवानी कदी होणार?"

मी विचारतोय. फोनवर नाही, कारण फोनवरच्या उत्तरांचं काय होतं ते मला कळलंय. माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं, मोठ्या अक्षरात. आता कवीनं त्याच्या वाट्याचं द्यावं. टीप नको, भाषण नको, शाल तर मुळीच नको. त्याच्या घरापासून बाजार चालत दहा मिनिटांवर आहे. त्यानं सकाळी आठला यावं, वही घरी ठेवून यावं, गटाराच्या रांगेत आईसमोर उभं राहावं आणि तिला मराठीत सांगावं, भवानी म्हणजे काय. आणि सांगून झाल्यावर, पहिलं गिऱ्हाईक म्हणून, काटे असलेली मांदेली घेऊन जावी की नाही, याचंही उत्तर त्यानंच द्यावं.